गाडींतलें दुसऱ्यांचें वजन

मराठी भाषेनें वजनाची बाजू पूर्वींपासून घेतली आहे. ज्याच्या बोलण्यास मान असतो त्याच्या शब्दाला 'वजन' आहे असें आपण म्हणतों; रुबाबदार माणूस भारदस्त ठरतो; आणि ज्याच्याविषयीं आदर उरला नाहीं त्याला हलका म्हणून मोकळे होतों. हलक्या कानाचा, हलक्या प्रतीचा, हलक्या दर्जाचा; हा शब्द चांगल्या संगतींत फारसा सांपडत नाहीं. मनाचा तेवढा अपवाद. तें मात्र हलकें झालें कीं बरें वाटतें. अशा भाषेंत वाढलेल्या माणसाला, कोणी पदरचे पैसे खर्चून आपल्याच मालमत्तेंतलें लोखंड आणि काच काढून टाकीत आहे, आणि काढलेल्या प्रत्येक किलोबरोबर त्याच्या चेहऱ्यावरचें समाधान वाढत आहे, हें दृश्य प्रथम चमत्कारिक वाटल्यास नवल नाहीं. मोटारगाडीचें वजन कमी करण्याचा हा छंद गेलीं दोन वर्षें आमच्या घरांतच नांदत आहे. त्या निमित्तानें जें वाचलें, पाहिलें आणि कांट्यावर घालून तोललें, त्यावरून आमचीं कांहीं मतें बनलीं आहेत; तीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

आम्ही राहतों तो मुलूख मुंबईच्या शेजारचा. कल्याणच्या पुढें आगगाडीनें निघालें म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें एकामागून एक येतात. आतां त्यांस गांवें म्हणणें हें जुन्या संवयीमुळें. बदलापूर हें नांव कसें पडलें याविषयीं लोकांत अशी समजूत आहे कीं, गुजराथेकडे दौडत जाणारें मराठ्यांचें घोडदळ येथें थकलेले घोडे बदलून ताजे घेत असे, म्हणून बदलापूर. व्युत्पत्ति जाणणारी मंडळी अशा कथांवर चटकन् विश्वास ठेवीत नाहींत, आणि तें बरोबरच आहे. परंतु कथेच्या मागची लष्करी गोष्ट खरी आहे. मोंगलांच्या फौजेबरोबर डेरे, बाजार, जनाना आणि जड तोफा चालत. शिवाजीमहाराजांच्या लष्करांत बायका आणि बटकी बरोबर नेण्यास सक्त मनाई होती, असें सभासदाच्या बखरींत नमूद आहे. घोडा दोन्हीकडे घोडाच. फरक पडे तो त्याच्या पाठीवरच्या आणि त्याच्या मागून येणाऱ्या ओझ्याचा.

उल्हासनगरची गोष्ट निराळी, आणि ती येथें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय करण्यांत आली, आणि १९४९ सालीं त्या वस्तीला उल्हासनगर हें नांव मिळालें. तेथील पत्त्यांत अजून 'कॅम्प नंबर' येतो. त्या कुटुंबांनीं येतांना काय आणलें? जें हातांत मावलें तें. हलकेपणा हा सर्वांच्याच बाबतींत छंद नसतो, एवढें ध्यानांत ठेवून आम्ही आमच्या विषयाकडे येतों.

वेगासाठीं वजन उतरविण्याची विद्या या भागांत मोटारीबरोबर आलेली नाहीं. बदलापूर-अंबरनाथच्या माळांवर शर्यतीचा छकडा ज्यानें जवळून पाहिला असेल त्याला हें सांगावें लागणार नाहीं. दोन चाकें, मधला दांडा, पुढें जूं, आणि हांकणाऱ्याला कसेंबसें टेंकण्यापुरती जागा. भाताचीं पोतीं वाहणाऱ्या बैलगाडीशीं त्याचें नातें नांवापुरतें उरलें आहे. ओझें धरून ठेवण्यासाठीं गाडीला जें जें असतें तें तें सर्व काढून टाकलें म्हणजे छकडा तयार होतो. या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंदी घातली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०१७ सालीं त्यांच्यासाठीं कायद्यांत दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्यें न्यायालयानें तात्पुरती परवानगी दिली. आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. हा सगळा वाद बैलाच्या हालअपेष्टांचा होता. त्यांत छकड्याच्या वजनाची बाजू कोणी मांडली कीं नाहीं कोण जाणे. पण आम्हांला ती विचार करण्याजोगी वाटते. गाडी हलकी केली म्हणजे बैलाचें ओझें कमी होतें, हें उघड आहे. परंतु ओझें कमी झालें म्हणून बैलाला कोणी सावकाश चालूं देत नाहीं. उतरविलेल्या वजनाचा लाभ बैलाच्या खात्यावर जमा न होतां शर्यतीच्या खात्यावर जमा होतो. मोटारीच्या बाबतींत हेंच कसें घडतें तें पुढें दिसेल.

आमचा भाचा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रांचे आराखडे काढण्याच्या नोकरीवर आहे. त्याची गाडी म्हणजे त्याच्या वडिलांनीं घेतलेली २००८ सालची मारुती ८००. हिला स्पोर्ट्स कार म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. तोही करीत नाहीं, निदान आमच्यासमोर. परंतु हलकेपणाचे प्रयोग करण्यास ती कोणत्याही महागड्या परदेशी गाडीपेक्षां कमी योग्य नाहीं. सुमारें ६५० किलो वजन, ७९६ घनसेंटिमीटरचें इंजिन आणि सुमारें ३७ अश्वशक्ती, एवढाच तिचा संसार. याच इंजिनावर कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनीं १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'फॉर्म्युला मारुती' नांवाची एकआसनी शर्यतीची गाडी बांधली, आणि पुढें फॉर्म्युला वनपर्यंत पोंचलेले नारायण कार्तिकेयन यांनीं शर्यतीचे पहिले धडे अशाच गाडीवर गिरविले. त्या करिवर्धन यांच्या नांवानें कोइमतुरास २००३ पासून धांवपट्टी आहे. वर्षांतून एकदां आपली गाडी तेथें नेऊन मनसोक्त पळवावी आणि उरलेले दिवस तिनेंच कामावर जावें, असा भाच्याचा संकल्प आहे. एकच गाडी धांवपट्टीचीही आणि रस्त्याचीही, ही खरी अडचण येथें आहे.

त्यानें पहिलें काम केलें तें आम्हांला फार आवडलें. कांहीं एक सोडण्यापूर्वीं त्यानें गाडी रिकामी केली. आसनांखालून आणि मागच्या कप्प्यांतून जें निघालें त्याची यादी त्याच्या आईनें अजून आम्हांस पुरती ऐकूं दिलेली नाहीं. परंतु दोन छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, एका लग्नाच्या निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा, पान्यांची पिशवी आणि अर्धी वीट एवढें आम्हीं स्वतः पाहिलें. वीट ही चढावर चाकाखालीं लावण्यासाठीं होती म्हणे. हें सर्व मिळून नऊ किलो भरलें. परदेशांत कार्बन फायबरच्या पत्र्यासाठीं लोक जी किंमत मोजतात ती ऐकली म्हणजे हे नऊ किलो फुकट गेले यांत किती सुख आहे तें कळेल.

नंतर त्यानें गाडी वसाहतींतल्या मालमोटारींच्या वजनकांट्यावर नेली. हा कांटा दहा दहा किलोंच्या टप्प्यानें बोलतो, त्यामुळें सूक्ष्म हिशेबास तो निरुपयोगी. पण त्यावर एक युक्ति करतां येते. आधीं पुढचीं दोन चाकेंच कांट्यावर घ्यावयाचीं, मग सगळी गाडी, मग मागचीं दोनच. म्हणजे कोणत्या बाजूला किती भार आहे तें उमगतें. पुढें ४०० आणि मागें २५० असा आंकडा आला. इंजिन पुढें आणि ओढणारीं चाकेंही पुढचींच, तेव्हां हें अपेक्षितच होतें. भाच्यानें तो आंकडा वहींत लिहिला, आणि पुढें त्याच आंकड्यानें त्याला शहाणपण शिकविलें.

एवढ्या खटाटोपाचें कारण थोड्या अंकगणितानें कळतें. चालक ७० किलोंचा धरला तर सगळें मिळून ७२० किलो; म्हणजे प्रत्येक अश्वशक्तीच्या वांट्यास सुमारें साडेएकोणीस किलो आले. यांतले ८० किलो काढले कीं तो वांटा सव्वासतरा किलोंवर येतो. गाडी तेवढीच जड ठेवून हाच परिणाम साधावयाचा तर इंजिनाची शक्ती साडेएक्केचाळीस अश्वशक्तींवर न्यावी लागेल. शिवाय वाढविलेली शक्ती फक्त गाडी पळवितांना उपयोगी. ब्रेक लावतांना आणि वळतांना तिचा कांहीं उपयोग नाहीं. उतरविलेलें वजन मात्र तिन्ही वेळां कामास येतें, ब्रेक कमी तापतात, टायर कमी झिजतात, आणि पेट्रोलही थोडें वाचतें. म्हणून या विद्येचे जाणकार शक्ति वाढविण्यापूर्वीं वजनाकडे पाहतात. सगळें वजन सारखेंही नसतें. टायराच्या कडेजवळ असलेला एक किलो नुसता पुढें जात नाहीं, तो फिरतोही. त्यामुळें गाडीला वेग देतांना तो जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. छपराजवळचा किलो वळणावर गाडीला अधिक झुकवितो, तळाजवळचा कमी. आणि जें वजन स्प्रिंगांच्या खालीं, चाकाबरोबर खड्ड्यांत पडतें आणि उसळतें, तें सर्वांत त्रासदायक. कल्याण-बदलापूर रस्त्यावर पावसाळ्यांत एकदां फेरी मारली कीं हें तत्त्व ग्रंथावांचून समजतें.

मग काढाकाढीस सुरुवात झाली. गालिचे निघाले. त्यांच्या खालीं, पत्र्याचा आवाज दबावा म्हणून चिकटविलेलें डांबरी अस्तर असतें. तें खरवडून निघत नाहीं. त्यावर कोरडा बर्फ, म्हणजे गोठविलेला कर्बवायु, पसरून थोडा वेळ थांबावयाचें. डांबर गारठून ठिसूळ होतें, आणि लांकडी हातोडीचे दोन ठोके घातले कीं त्याचे तुकडे उडतात. आम्ही हा विधि शेवटपर्यंत उभे राहून पाहिला. स्टेपनी निघाली, तिच्याबरोबर जॅक निघाला. मागचें आसन निघालें. दारांचीं आंतलीं अस्तरें निघालीं आणि कांच वर ओढण्यास एक पट्टा लावण्यांत आला. ही पट्ट्याची कल्पना त्यानें थोर घराण्यांतून उचलली आहे. पोर्शे कंपनीनें १९७३ सालीं जी 'कॅरेरा आर. एस.' नांवाची गाडी काढली तिच्या हलक्या प्रतींत मागचीं आसनें नव्हतीं, घड्याळ नव्हतें, हात टेंकावयास जागा नव्हती, आणि दार ओढावयास एक साधा पट्टा होता. पत्रा आणि कांचही नेहमींपेक्षां पातळ. गंमत अशी कीं या वस्तू काढून टाकलेली ती गाडी आज त्या वस्तू असलेल्या गाडीपेक्षां फार अधिक किंमतीला जाते. नसलेल्या घड्याळाची किंमत देणारें गिऱ्हाईक सावकारालाही भेटलें नसेल.

८० किलो निघाल्यावर गाडी पुन्हां कांट्यावर चढली. पुढें ३७०, मागें २००. भाच्यानें आंकडे पाहिले आणि गप्प झाला. जें सहज निघतें तें बहुधा मागचें असतें. त्यामुळें मागचा भार पुढच्याच्या मानानें अधिक उतरला होता. ब्रेक लावले कीं गाडीचें वजन पुढें सरकतें; मागचीं चाकें आधींच हलकीं असलीं तर तीं लवकर अडून घसरूं लागतात, आणि मागचीं चाकें आधीं घसरलीं म्हणजे गाडी स्वतःभोंवतीं फिरावयास पाहते. धांवपट्टीवर याला उपाय आहे, मागच्या ब्रेकांचा दाब कमी करणारी कळ बसवितात. पावसांत काटईच्या रस्त्यावर समोरून टँकर येत असतां तो उपाय शोधीत बसण्यास वेळ मिळत नाहीं. वजन कमी करणें म्हणजे नुसतें वजन कमी करणें नव्हे. प्रत्येक गाडी एका विशिष्ट भाराचा विचार करून बांधलेली असते आणि तो विचार आपण मोडीत असतों.

युरोपांतल्या शर्यतींच्या इतिहासांत या मोडतोडीच्या कथा पुष्कळ आहेत. १९३४ सालीं तेथील नियम करणाऱ्यांना गाड्या फार वेगवान झाल्याची काळजी वाटली. त्यांनीं ठरविलें कीं चालक, इंधन, तेल आणि टायर सोडून कोणतीही गाडी ७५० किलोंपेक्षां जड असूं नये. हलक्या गाडींत मोठें इंजिन मावणार नाहीं असा त्यांचा हिशेब. जर्मन कारखान्यांनीं हलके मिश्रधातु वापरून सगळ्या गाडीचें वजन उतरविलें आणि वांचलेले किलो इंजिनांत घातले. त्या नियमाच्या शेवटच्या वर्षीं, १९३७ सालीं, मर्सिडीजच्या गाडीला साडेपांचशेंहून अधिक अश्वशक्ती होती. हलकेपणाच्या सक्तीनें वेग कमी होईल असें ज्यांना वाटलें ते बहुधा छकडा पाहिलेले नव्हते. पुढें नियम उलटला, आणि आतां गाडी अमुक वजनापेक्षां हलकी नसावी असें असतें.

इंग्लंडांतल्या लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमननें हलकेपणाचा धर्मच स्थापन केला. त्याच्या १९५७ सालच्या 'सेव्हन' गाडीला दारें नांवापुरतींच. त्याच्याच परंपरेंतली १९९६ ची 'एलीज' घ्या. तिचा सांगाडा दाबून काढलेल्या ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांचा, आणि त्या पट्ट्या डाग न देतां एका चिकट रसायनानें जोडलेल्या. सगळ्या सांगाड्याचें वजन सत्तर किलोंच्या आंत, म्हणजे एका माणसाएवढें. हें वाचतांना आमच्या मनांत अंबरनाथची आयुध निर्माणी आली. तेथें १९५० नंतरच्या दशकापासून पितळेचें आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचें काम चालत आलें आहे. पण तें शस्त्रांसाठीं. हलक्या धातूची जाण असलेलीं माणसें या गांवांत पिढ्यान् पिढ्या राहतात आणि गांवच्या मुलाला हलक्या गाडीची गोष्ट इंग्रजी पुस्तकांतून कळते, याचें आम्हांला थोडें वाईट वाटतें. आपल्याकडे हा प्रयोग झालाच नाहीं असें नाहीं. १९८२ च्या सुमारास बंगळुरास निघालेल्या सिपानींच्या 'डॉल्फिन' गाडीचें अंग फायबरग्लासचें होतें. शर्यतीवाल्यांनीं हलकी म्हणून तिला उचलून धरलें. गिऱ्हाइकांनीं हलकी म्हणूनच तिच्याकडे पाठ फिरविली.

चॅपमनच्या धर्माला बळीही पडले. १९६९ सालीं स्पेनमधल्या शर्यतींत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडले आणि दोन्ही गाड्या आदळल्या. त्यांपैकीं एका गाडीचा चालक योखेन रिंट यानें त्यानंतर चॅपमनला पत्र लिहून कळविलें कीं, गाड्या इतक्या वेगवान आहेत कीं कांहीं किलो वाढवून नाजूक भाग बळकट केले तरी आपण स्पर्धेंत टिकूं. पुढच्या वर्षीं, ५ सप्टेंबर १९७० रोजीं, मोंझा येथें सरावांत त्याची लोटस भिंतीवर गेली आणि तो दगावला. पुढच्या ब्रेकाचा दांडा तुटला असें मानतात. त्या वर्षाचें जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालें. आणखी एक उदाहरण देतों, कारण त्यांत मेलेल्यांपैकीं बहुतेकांनीं हातांत चक्रही धरलेलें नव्हतें. ११ जून १९५५ रोजीं ल मान्स येथें मर्सिडीजची एक गाडी उसळून प्रेक्षकांच्या बाजूस आदळली. तिचें अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचें होतें. ॲल्युमिनियमहूनही हलकें, आणि पेटलें कीं पाण्यानें अधिकच भडकणारें. चालकासह ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. तीं शर्यत बघावयास आलीं होतीं.

तेव्हांपासून शर्यतीच्या गाडीनें जें शहाणपण मिळविलें तें हौशी माणसाच्या नजरेस पडत नाहीं. तो धांवपट्टीवरची गाडी पाहतो आणि तिच्यांत काय नाहीं तेवढें मोजतो: आसन नाहीं, अस्तर नाहीं, गालिचा नाहीं. काय आहे तें मोजत नाहीं. आंत पोलादी नळ्यांचा पिंजरा आहे, तो तीस-चाळीस किलोंचा सहज भरतो. आग विझविण्याचें साधन आहे. पोटावरून आणि खांद्यांवरून येणारे पट्टे आहेत. फॉर्म्युला वनमध्यें २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोंवतीं टिटॅनियमची कमान सक्तीची आहे. जेथें ग्रॅमाचा हिशेब चालतो तेथें हे कांहीं किलो आनंदानें कोणी घेतले नव्हते. २९ नोव्हेंबर २०२० रोजीं बहारीनमध्यें रोमाँ ग्रोझाँ याची गाडी लोखंडी कठड्यांतून आरपार जाऊन पेटली, आणि तो त्या कमानीमुळें जिवंत बाहेर आला. २०१९ सालीं तर चालक आणि त्याचें आसन मिळून किमान ८० किलो भरलेच पाहिजेत असा नियम करावा लागला. कारण गाडी हलकी ठेवण्यासाठीं चालक स्वतःला उपाशी ठेवूं लागले होते. पत्रा काढून झाला कीं माणसाच्या अंगावरचें मांस दिसूं लागतें.

परंतु शर्यतीची गाडी जें वजन परत घेते तें मुख्यतः आपल्याच चालकासाठीं, आणि ज्या पट्टीवर समोरून कोणी येत नाहीं त्या पट्टीवर. रस्त्यावरच्या गाडीचा हिशेब निराळा, आणि आमच्या घरांत वाद झाला तो याच मुद्द्यावर. भाच्याचा पुढचा बेत सायलेन्सर काढून सरळ नळी बसविण्याचा होता. सहा किलो वांचणार होते. त्यानंतर आंत पिंजरा. दरम्यान त्याच्या आईला, म्हणजे आमच्या बहिणीला, सिव्हिल हॉस्पिटलांत दाखवावयास न्यावयाचें होतें. तिनें दार उघडलें, मागें पाहिलें, आणि म्हणाली, "दादा, याला विचार, मी बसायचं कुठं? पत्र्यावर?" पुढच्या आसनावर तिची विहीण बसली होती, तेव्हां प्रश्न रास्त होता.

भाचा आम्हांला म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगा आईला. मागचं आसन चौदा किलो आहे. महिन्यांतून दोनदां बसणार, त्यासाठीं रोज चौदा किलो वाहायचे?"

आम्हीं त्या वेळीं कांहीं सांगितलें नाहीं, रिक्षा बोलावली. परंतु त्याच्या प्रश्नांत आम्हांला जें हवें होतें तें सांपडलें. गाडींतलें सगळें वजन गाडीच्या मालकाचें नसतें. आसन आईचें आहे. सायलेन्सरानें चालकाला कांहीं मिळत नाहीं, उलट थोडी शक्ति जाते. तो शेजारच्या इमारतींतल्या आजारी माणसाच्या झोंपेचा आहे. नव्या गाड्यांच्या दारांत आडवी पोलादी पट्टी असते, ती बाजूनें होणाऱ्या धडकेची, आणि त्या बाजूला बहुधा दुसराच कोणी बसलेला असतो. बंपराचा मऊ भाग रस्ता ओलांडणाऱ्या पोराच्या गुडघ्यासाठीं. स्टेपनी घाटांत रात्रीं आपली वाट पाहणाऱ्यांसाठीं. हें वजन लोकांनीं आपल्या गाडींत ठेव म्हणून ठेवलेलें असतें. आणि पिंजरा? धांवपट्टीवर शिरस्त्राण घातलेल्या माणसाला तो वांचवितो. रस्त्यावर उघड्या डोक्यानें बसणाऱ्याच्या कानापाशीं तीच पोलादी नळी येते, आणि किरकोळ धडकेंतही कवटीला पुरेशी होते. तेव्हां तोही रस्त्यासाठीं नव्हे.

याला भाच्याचें उत्तर तयार होतें. हलकी गाडी दुसऱ्यावर आदळली तर इजा कमी करील, कारण तिच्यांत जोर कमी. मग हलकेपणा हाच परोपकार नव्हे काय? युक्तिवाद चांगला आहे, आणि मोठमोठ्या जड गाड्या घेऊन भाजी आणावयास जाणाऱ्यांनीं तो ऐकावा असें आम्हांलाही वाटतें. पण वजन ठेवून वेगाकडे पाहा. चालत्या वस्तूचा तडाखा वजनाच्या प्रमाणांत वाढतो, परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ७२० चे ६४० किलो केले, ठीक; पण ताशीं ८० किलोमीटरांचे ८५ झाले कीं सगळा लाभ धुऊन गेला. आणि ज्यानें ८० किलो इतक्या कष्टानें काढले तो ८० च्या वेगावर थांबेल असें मानणारा मनुष्य आम्हांला अजून भेटावयाचा आहे. येथें पुन्हां तो छकडाच.

सरकारी बाजूही सांगितली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीच्या दाखल्यांतला तपशील कारखानदारानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकाला करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हें पुन्हां स्पष्ट केलें. त्या दाखल्यांत रिकाम्या गाडीचें वजनही लिहिलेलें असतें, ही गोष्ट आम्हांला या प्रकरणांत प्रथम कळली. गाडीचा रंग आणि इंजिनाचा क्रमांक यांच्या पंगतीला तिचें वजन बसविणारा जो कोणी अज्ञात कारकून असेल, त्याच्याविषयीं आम्हांला आदर वाटूं लागला आहे. आमच्या भागांतल्या गाड्यांची नोंदणी कल्याणच्या कार्यालयांत होते आणि पंधरा वर्षें झालेल्या गाडीला तेथें पुन्हां तपासणीस उभें राहावें लागतें. कायद्याचें भय भाच्याला तितकेंसें नाहीं. त्याच्या वयांत आम्हांलाही नसतें. पण वहींतल्या ३७० आणि २०० या आंकड्यांचें त्याला भय आहे, आणि तें अधिक टिकाऊ आहे.

गेल्या महिन्यांत त्यानें वहींत दोन रकाने आंखले आहेत. एक धांवपट्टीचा, एक रस्त्याचा. डांबरी अस्तर दोन्ही रकान्यांत गेलें तें गेलें. गाडी आतां आंतून पत्र्याच्या डब्यासारखी वाजते, पण तो आवाज त्याचा त्यालाच ऐकावा लागतो. हलकीं चाकें दोन्ही रकान्यांत राहणार, त्यांसाठीं तो पैसे सांठवीत आहे. सायलेन्सर जागच्या जागीं आहे. स्टेपनी आणि जॅक परत गेले. दारांचीं अस्तरें चापांवर बसविलीं आहेत, दहा मिनिटांत काढतां येतात. मागच्या आसनाला मूळचे गंजलेले बोल्ट काढून नवे बसविण्यासाठीं त्यानें कारखान्यांतून चार बोल्ट बनवून आणले, आणि ते हातानें फिरवितां येतील असे त्यांचे माथे मोठे ठेवले. प्रत्येकीं चाळीस ग्रॅम वजन त्यामुळें वाढलें, हेंही त्यानें लिहून ठेवलें आहे. आसन आठ दिवसांपासून आमच्या ओटीवर आहे. त्याची खोळ उसवली होती, ती उल्हासनगरला शिवावयास टाकली आहे, आणि ती आली कीं रविवारीं तें गाडींत बसवावयाचें आहे. सोमवारीं बहिणीला पुन्हां दवाखान्यांत जावयाचें आहे.